मागच्या दारची सावली

झाडाचं पान दिसलं की पुंडलिक काकाजी ते अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मध्ये धरून चोळत. डोळे मिटलेले, मान जराशी कलती. मग निकाल देत. "मलमल. एप्रिल नाई काढत हे." किंवा, "टेरिकॉट. घ्या, टिकन." कण्हेर टेरिकॉट, जास्वंद पॉपलीन, रुईचं पान म्हणजे सोलापुरी चादर. वर्ध्याच्या नर्सरीतला माणूस झाडांची नावं सांगत असे, फुलांचे रंग सांगत असे. काकाजी त्याला हाताने थांबवत. "नाव राहू द्या. पोत पाहू द्या." आणि खरोखर, त्यांनी ज्याला टेरिकॉट म्हटलं ते झाड आमच्या मे महिन्यात बहुधा उभं राहिलं.

त्यांचा सारा जन्म पुलगावच्या बाजारात कापडाच्या दुकानात गेला होता. पांढरी गादी, मागे थानांची भिंत, कानाला कात्रीची सवय. मातीला त्यांनी सत्तरीला येईपर्यंत हात लावला नव्हता. दुकानावरच्या माडीत राहत होते ते. गुडघ्यांना जिना झेपेना, मुलगा नागपूरला नोकरीत, तेव्हा दुकान भाच्याकडे सोपवून काकाजी आणि सिंधूकाकू आमच्या लेआऊटमध्ये राहायला आले. माझ्या घराला लागून त्यांचं घर. मी शाळेत गणित शिकवतो, म्हणून ते मला पहिल्या दिवसापासून 'सर' म्हणत. मी वयाने त्यांच्या मुलाएवढा होतो. दोनचारदा सांगून पाहिलं, पण त्यांनी ऐकलं नाही.

आमचं लेआऊट गावाबाहेर, डेपोकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. पूर्वी इथे पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, वावर होतं. ही काळी माती उन्हाळ्यात फाटते, पाय मुरगळेल एवढ्या भेगा पडतात. म्हणून प्रत्येकाने मुरूम टाकून प्लॉट उंच केला आणि वर सिमेंटचे गट्टू बसवले. चिखल नाही, धूळ नाही, झाडायला सोपं. मीही बसवले. उन्हाळ्यात त्यांच्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही, आणि ऊन उतरलं तरी ते आपली ऊब सोडत नाहीत. होळी झाली की सगळ्या घरांच्या खिडक्या लागतात, पडदे ओढले जातात, आणि रस्त्यावर कूलरच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नाही.

त्या घरघरीत काकूंचा आवाज हरवला. बाजारातल्या घरी त्या दुकानाच्या बाजूच्या ओट्यावर बसत. भाजीवाल्या बाया टोपली उतरवायला तिथे थांबत, पाणी मागत, सुनेच्या तक्रारी सांगत. काकूंना अर्ध्या गावातल्या घरातलं ठाऊक असे. इकडे आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात त्या कूलरसमोरच्या पलंगावर बसल्या आणि बसूनच राहिल्या. टीव्ही लावला तर पाहत, बंद केला तर बंद पडद्याकडे पाहत.

एका संध्याकाळी काकाजी फाटकाशी आले. "सर, तुमची काकू बोलून नाई राह्यली."

मला वाटलं भांडण झालं असावं. तसं मी विचारलं.

"भांडली असती तं काय पायजे होतं? भांडाले बोला लागते." थोडा वेळ त्यांनी फाटकाची कडी खालीवर केली. "डॉक्टरनं गोळ्या देल्ल्या. म्हने, आजींना बाहेर बसवत जा. आता इथं बाहीर म्हंजे काय? तवा. मी आंगन करतो सर. असं करतो का तिनं सोताहून खुर्ची टाकली पायजे."

नंतरच्या काळात त्यांनी जे जे केलं, ते सगळं या एका वाक्यापायी केलं. काकूंनी आपणहून बाहेर येऊन बसावं, बोलावं. बाकी झाडाफुलांचं त्यांना कौतुक होतं असं मला वाटत नाही.

सुरुवात त्यांनी दुकानदारासारखी केली. नवा माल आला की तो समोर लटकवायचा, रस्त्याने जाणाऱ्याची नजर पडली पाहिजे. फाटकापासून दारापर्यंत लॉन लावलं, कडेने गुलाब. दिवाळीत ते खरोखर सुंदर दिसलं. चैत्रात पिवळं पडलं. नळाला एकाआड एक दिवस पाणी येतं, बोअर आटत आलेला. काकू आतून म्हणाल्याचं मी ऐकलं, "माणसं टँकरचं पेऊन राह्यले, अन गवताले नळाचं!" काकाजी मला डोळा मारून म्हणाले, "बोलली का नाई?" पण ते तेवढंच. लॉन गेलं, गुलाब गेले.

मग त्यांना एक युक्ती सुचली. कूलरच्या टाकीत तळाशी जे पाणी उरतं ते फेकून देण्याऐवजी त्यांनी नळी लावून नव्याने लावलेल्या निंबूच्या झाडाकडे वळवलं. मी वाहवा केली. वर्गातही पाणी वाचवण्याचं उदाहरण म्हणून सांगून टाकलं. महिन्याभरात निंबूच्या पानांच्या कडा जळाल्यासारख्या तपकिरी झाल्या, मग पानं गळायला लागली. काकाजींनी कूलरच्या जाळीवरची पांढरी खपली नखाने खरडली आणि जिभेवर ठेवली. आमच्या बोअरचं पाणी जड. कूलरमध्ये त्यातलं पाणी वाऱ्याबरोबर उडून जातं आणि खार तेवढा मागे साचत राहतो. तोच ते रोज झाडाला पाजत होते.

"सर," ते थुंकून म्हणाले, "लोकं निंबू तोडून लोनचं घालते. मी झाडावरच घातलं."

त्या पावसाळ्यात त्यांनी समोरचे उरलेसुरले गट्टू काढले. शेजारचे लोक गच्चीवरून पाहत होते. चांगली बसवलेली फरशी माणूस उखडतो, म्हणजे म्हातारपणाचं काहीतरी झालं असणार, असं आमच्याच घरात बोललं गेलं. बोलणारा मी होतो. मुरूम खणून काढला, खालची काळी माती उघडी केली. छतावरचं पाणी पाइपाने रस्त्यावर जात होतं ते आत वळवलं. खळगे केले, बांध घातले. मुरुमाचा थर असा घट्ट की पहार टणकन उडे. एका मजुराबरोबर स्वतः काकाजी, धोतर खोचून, डोक्याला ओला दुपट्टा.

झाडं लावून झाल्यावर त्यांनी सोयाबीनचं कुटार, मळणीनंतरचा भुसा, पोत्यांनी आणलं आणि प्रत्येक बुंध्याभोवती जाड पसरलं. "उन्हाळ्यात मातीले बिना अस्तराचं नाई ठेवाचं. कोट कितीबी चांगला शिवा, अस्तर नसन तं घामानं दोन महिन्यात जाते." बुंध्यांच्या जवळ मातीचे माठ गळ्यापर्यंत पुरले. माठाच्या बुडाला भोक, त्यात कापडाची वात, म्हणजे पाणी झिरपत मुळाशी जाईल. ही वात आधी त्यांनी दुकानातल्या कटपीसची केली होती, तिच्यातून थेंब सरकेना. "टेरिकॉट पानीच पेत नाई, माह्याच ध्यानात नाई आलं." मग स्वतःची जुनी धोतरं फाडली. ती मात्र भरपूर पाणी पीत आणि मुळांना देत.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत समोर खरोखर काहीतरी उभं राहिलं. कण्हेर, बोगनवेल, गोडनिंब, कोपऱ्यात शेवगा, फाटकाशी कडुनिंबाचं रोप माणसाच्या उंचीला आलेलं. मधोमध सिमेंटचं बाकडं, रस्त्याकडे तोंड करून. लेआऊटमधले लोक येऊन फोटो काढत. काकाजी बाकड्याच्या बाजूला उभे राहून, गिऱ्हाइकाला दाखवावं तसं हात फिरवून दाखवत.

काकू एकदा आल्या. बोलावलं म्हणून आल्या. हात गुडघ्यावर ठेवून, फोटोला बसावं तशा बसल्या. पाच-साडेपाचचं ऊन थेट तोंडावर. पदराने कपाळ पुसलं, म्हणाल्या, "आंग भाजून राह्यलं," आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी काकाजींनी वर हिरवी जाळी ताणली. त्यानंतर तट्ट्या बांधल्या. पाणी शिंपडलं. तरी दार उघडलं नाही.

"येनं वो बाहीर," ते खिडकीशी जाऊन म्हणाले. मी फाटकात होतो. "गार केलं सगळं."

"कोनाले दिसाले बसू तिथं? रस्त्यानं कुत्रं नाई जात."

"कुत्रं कशाले पायजे तुले? झाडं पाय."

"पायली झाडं. चांगले आहेत. बोलत नाईत."

"तं मी बोलतो!"

"तुमचं चाळीस वर्सं ऐकलं."

काकाजी माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही सांगा तिले काही." मी काकूंना म्हणालो, काकाजींनी फार कष्ट घेतलेत; आणि काकाजींना म्हणालो, काकूंनाही उन्हाचा त्रास होतो. दोन्ही खरं होतं. कुणाच्याही बाजूने उभं राहायची वेळ आली की मी असंच करत आलो आहे. त्याने कुणाचं काही बिघडत नाही, आणि कुणाला उपयोगही होत नाही.

चूक कुठे होती हे मला तेव्हा दिसत होतं असं म्हणणं खोटं ठरेल. आमच्या रांगेतली सगळी घरं पश्चिमेकडे तोंड करून आहेत, कारण रस्ता तिकडे आहे. संध्याकाळी रस्त्याच्या बाजूला ऊन असतं, आणि घराची आपली सावली पडते ती मागे, जिथे कूलर, पाण्याची मोटर, मोडकी सायकल आणि भांडी घासायची मोरी असते. त्या सावलीकडे लेआऊटमधल्या कुणीच कधी पाहिलं नव्हतं.

मेच्या एका संध्याकाळी काकाजी घाईने माझ्याकडे आले. घरात काकू नव्हत्या. कूलर चालू, पलंग रिकामा, चप्पल दाराशीच. आम्ही न्हाणीघर पाहिलं, माझी बायको गच्चीवर धावली. मग स्वयंपाकघरातून जाताना मला मागून हसणं ऐकू आलं.

मागचं दार अर्धवट उघडं होतं. काकू मोरीजवळच्या धुण्याच्या दगडावर बसल्या होत्या, पाय सांडपाण्याच्या ओल्या मातीत. तिथे काही न लावता धोप्याची, म्हणजे अळूची, पानं माजली होती. पलीकडे कंपाउंडची भिंत, आणि भिंतीवर टेकलेली एक रिकामी टोपली. टोपलीमागे एका बाईचं डोकं दिसत होतं. नाल्यापलीकडे भाजीच्या वाड्या आहेत. तिथल्या बाया बाजार आटोपला की आमच्या घरांमागच्या पायवाटेने परत जातात, हे मला इतकी वर्षं राहून माहीत नव्हतं. ही कौसल्या होती, बाजारातल्या ओट्यावर पाणी प्यायला थांबणारी.

"अन मंग? सुनेनं काय म्हनलं?" काकू विचारत होत्या.

"म्हनन काय? म्हने, सासूबाई, तुमच्या वांग्याले किडे अन तुमच्या जिभेले काटे!"

काकू तोंडावर पदर धरून हसत होत्या. खांदे हलत होते. मी पुढे पाऊल टाकलं तसा काकाजींनी माझा दंड धरला. आम्ही चोरासारखे स्वयंपाकघरातून परत समोर आलो. ते आपल्या बाकड्यावर बसले, तोंडावर ऊन घेत.

मग म्हणाले, "सर, मी दुकान उलट्या तोंडाले लावलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मागची भिंत कमरेएवढी उतरवायला गवंडी बोलावला. उतरवलेल्या विटांचा भिंतीला लागूनच ओटा बांधला, अर्धा आत, अर्धा पायवाटेच्या बाजूला, म्हणजे टोपली डोक्यावरून थेट ओट्यावर उतरवता येईल. कूलर तिथून काढून दक्षिणेच्या खिडकीला लावला, त्याची घरघर बोलण्याच्या आड यायला नको. मोटर कोपऱ्यात सरकवली. मोरीचं पाणी चारीने फिरवून त्यावर केळीचे दोन कंद लावले, शेवग्याची फांदी रोवली. बांबूंचा मांडव करून त्यावर कुंदरूचा, म्हणजे तोंडलीचा, वेल चढवला. घराची सावली येईपर्यंतचं ऊन तेवढं अडलं म्हणजे झालं, हा हिशेब. समोरच्या झाडांचे माठ उपसून मागे नेले. समोर पाणी कमी पडू लागलं, तसे बोगनवेल, गोडनिंब आणि शेवगा वाळले. कण्हेर आणि कडुनिंब तेवढे राहिले. फोटो काढणारे यायचे थांबले. एकाने रस्त्यावरून विचारलं, "काकाजी, समोरचा बगिचा गेला काय?" काकाजी म्हणाले, "माल गोदामात हलवला."

ओटा झाला त्या संध्याकाळपासून बाया थांबू लागल्या. आधी कौसल्या, मग तिच्या मागच्या. काकू माठ भरून ठेवत, गुळाचा खडा ठेवत. खुर्ची त्यांनी स्वतःच टाकली. कुणी सांगितलं नव्हतं. मी भिंतीवरून ओझरतं पाहिलं ते एवढंच.

काकाजी पहिल्या आठवड्यात एकदा मागे गेले. मोठ्या दुकानाचे मालक समोर आले, तशा बाया चटकन उठल्या, पदर डोक्यावर आले, बोलणं तुटलं. कुणी "बसा काकाजी" म्हणालं, पण बसायला कुणी राहिलं नाही. काकाजी "चालू द्या, चालू द्या" म्हणत परत फिरले. पुन्हा ते संध्याकाळी मागच्या दाराकडे गेले नाहीत. मांडवाचं काम सकाळी करत. वेलाला पाणी सकाळी. संध्याकाळी समोर, प्लॅस्टिकची खुर्ची टाकून, तोंडावर ऊन घेत बसत. मी शाळेतून आलो की दुसरी खुर्ची ओढत. आम्ही फार बोलत नसू. घराच्या पोटातून, दोन दारं ओलांडून, मागचं हसणं येई. शब्द कळत नसत. काकाजी मधूनच मान हलवत, जणू कळलं.

त्या खुर्च्यांवरच त्यांनी मला एकदा विचारलं, "सर, आईले काऊन नाई आनत इकडं?"

माझी आई अल्लीपूरला एकटी असते. मी म्हणालो, तिला इथे करमत नाही.

"करमन कसं? तुमच्या आंगनात बसाले जागा कुठं ठेवली तुम्ही?"

ते रागावून बोलले नव्हते. कापडाचा दोष दाखवावा तसं बोलले. मी हो म्हणालो. गट्टू अजून आहेत. या सुट्टीत काढायचे असं दर सुट्टीत ठरवतो, आणि आईला फोनवर, ऊन कमी झालं की ये, असं सांगतो.

काकाजी गेले ते दिवाळीनंतरच्या थंडीत. सकाळी वेलाला पाणी घालून आत आले, छातीत कळ आली, वर्ध्याला नेईपर्यंत संपलं. तेरवीनंतर मुलाने काकूंना नागपूरला न्यायचं ठरवलं. चांगला मुलगा आहे, घरात एसी आहे, एक खोली त्यांच्यासाठी रिकामी केली होती. काकू गेल्या, संक्रांतीच्या आधी परत आल्या. फाल्गुनात मुलगा पुन्हा न्यायला आला तेव्हा म्हणाल्या, "वेल लावला तुह्या बाबानं. कुंदरू कोन खाईन, तू?" तो माझ्याकडे पाहू लागला. या वेळी मी दोन्ही बाजूंनी बोललो नाही. म्हणालो, राहू दे त्यांना, मी शेजारी आहे. शेजारी असूनही किती वेळा गेलो, हे मात्र काकूंना विचारावं लागेल.

या मे महिन्यात वादळ झालं, त्यात मांडवाचा एक बांबू निसटला. बांधून द्यायला मी दुपार उलटल्यावर मागे गेलो. काकाजी असताना मी तिथे कधी थांबलो नव्हतो. घराची सावली भिंतीपर्यंत पोचत होती. धोप्याच्या पानांखाली माती ओली, केळीला एक घड लागलेला, ओट्याचं सिमेंट टोपल्यांनी घासून गुळगुळीत झालेलं. वर कुंदरूचा वेल एवढा दाट की बांबू शोधायला हात आत घालावा लागला. हवा गार नव्हती. आमच्याकडे मेमध्ये ती गार नसतेच. पण बसवत होतं.

काकूंनी पाणी दिलं. मी ओट्याच्या कडेला टेकलो आणि न राहवून बोललो, "काकाजींनी एवढं केलं, आणि स्वतः इथे एक संध्याकाळ बसले नाहीत."

"कसे बसतीन? ते आले का बाया उठत." काकू धोप्याची पानं खुडत होत्या. "त्याईले समजलं होतं ते. पुन्हा आले नाई."

"समोर बसायचे. मी असायचो सोबत. ऊन तोंडावर असायचं."

"मले माहीत नाई काय? खुर्ची सरकवल्याचा आवाज येत होता इथपर्यंत." त्यांनी पानांची जुडी बांधली, देठ सारखे केले. "म्हनून तं मी मोठ्यानं बोलत होती. ह्या बाया मले म्हनत, बाई वो, आम्ही काय बहिऱ्या आहो?"

त्या थोड्या हसल्या. मग नाल्याच्या बाजूने पायवाटेवर टोपल्या येताना दिसल्या, तसा मी उठलो.